विनागिलावा

चोवीस मार्चला, शनिवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी माझे वडील नापास झाले. तेही कायमचे. त्यांना शिकवणारा मी होतो. पण हे घडलेलंच नाही असं धरून मी सुरुवात करतो.

तर, पहिला शनिवार. सोलापूरपासून दीड तासावरच्या आमच्या गावातलं मंगल कार्यालय. मी स्टेजवर, वधूवरांच्या दोन लाल मखमली खुर्च्यांच्या मधोमध उभा. मागच्या पडद्यावर कुणा श्रीधर आणि कुणा अमृताची थर्माकोलची नावं अजून तशीच. खाली पंगतीच्या खुर्च्यांवर बावीस कंत्राटदार. प्रशिक्षण घेणाऱ्या संस्थेला गावात दुसरा हॉल मिळाला नव्हता आणि कार्यालयाकडे मुहूर्त नसलेले सहा शनिवार होते. मी चोवीस वर्षांचा होतो, सिव्हिलची पदवी ताजी होती आणि करारावर मिळालेलं काम होतं बांधकाम कंत्राटदारांना पर्यावरणपूरक बांधकाम शिकवण्याचं. म्हणजे ज्यांनी माझ्या जन्माच्या आधीपासून अर्धं गाव बांधलं, त्यांना बांधकाम म्हणजे काय ते सांगण्याचं.

मी घसा साफ केला. मागच्या रांगेतून मुनीरचाचा बागवान शांतपणे म्हणाले, "सर, नवरी यायचीय का अजून?"

सगळे हसले. मीही हसलो आणि हजेरी घ्यायला लागलो. सतराव्या नंबरला थांबलो.

"यल्लप्पा भीमण्णा धोत्रे."

तिसऱ्या रांगेत अप्पा उठून उभे राहिले. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, हातात खाकी कव्हर घातलेली शंभर पानी वही. कव्हर आईनं घातलं होतं. वहीवर नाव, विषय आणि इयत्ता लिहायची जागा होती. इयत्तेच्या जागी अप्पांनी '६१' लिहिलं होतं. ते त्यांचं वय.

"हजर, सर," अप्पा म्हणाले.

मी नागेश यल्लप्पा धोत्रे. सकाळी याच माणसानं माझ्या सायकलची चेन बसवून दिली होती.

ते तिथे का बसले होते हे आधीच सांगतो, म्हणजे नंतर घोळ नको. नगरपालिकेच्या बाहेर नोंदणीकृत कंत्राटदारांचा एक फलक आहे. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं. सतरा नंबरला अप्पांचं नाव चौतीस वर्षं होतं. माझ्या लहानपणी बाजारात जाताना अप्पा मला मुद्दाम त्या रस्त्यानं न्यायचे आणि फलकासमोर चप्पल नीट करायला थांबायचे. चप्पल नीटच असायची. त्या वर्षी नवा नियम निघाला: एकतीस मार्चपर्यंत पर्यावरणपूरक बांधकामाचं प्रमाणपत्र द्या, नाहीतर नाव निघेल. बाकीच्यांना त्यात फार भीती नव्हती. नाव निघालं तर पुढच्या तुकडीत बसायचं, पुन्हा नोंद करायची. पण साठीच्या वर नवीन नोंद होत नाही, जुनी फक्त चालू ठेवता येते. बावीस जणांत साठीच्या वर एकटे अप्पा होते. त्यांचं नाव एकदा निघालं की निघालं. आणि दोन वर्षांत त्यांना काम मिळालं नव्हतं. हातात जे काही उरलं होतं ते म्हणजे त्या पत्र्यावरची एक ओळ.

त्या सहा आठवड्यांत मी घरी नीट जेवलो नाही. रोज संध्याकाळी अप्पांचा अभ्यास घ्यायचो. सातवीनंतर त्यांनी पुस्तक उघडलं नव्हतं. 'पर्जन्यजल पुनर्भरण' हा शब्द त्यांना तीन तुकड्यांत म्हणावा लागे आणि तिसऱ्या तुकड्यापर्यंत पहिला विसरायचे. आई भाकरी थापता थापता सगळं ऐकायची. चौथ्या दिवशी तिला पाठ झालं, अप्पांना नाही. मी आवाज चढवला की अप्पा वही मिटून विचारायचे, "सर, उद्याच्याला काय वाचून येऊ?" आई चुलीकडे तोंड करून हसायची. मी रात्री अंथरुणात मनातल्या मनात मार्कांची बेरीज करायचो. ती कधी वीसवर जायची नाही. पास व्हायला वीस लागत होते, चाळीसपैकी.

प्रात्यक्षिकात मात्र अप्पा सगळ्यांच्या पुढे. पहिल्या शनिवारी कार्यालयाच्या मागच्या मोकळ्या जागेत आम्ही मातीच्या विटा पाडल्या. चाळलेली माती, त्यात थोडकं सिमेंट, हातानं दाबायचं यंत्र. वीट भाजायची नाही, जाळ नाही, धूर नाही. नुसती सावलीत ठेवायची आणि एकवीस दिवस गोणपाटाखाली ओली राखायची. पाणी मारायची पाळी मी कागदावर बावीस जणांत वाटून दिली. प्रत्यक्षात एकवीसही दिवस, सकाळ-संध्याकाळ, अप्पा एकटे गेले. पाणीसुद्धा कार्यालयाच्या हात धुण्याच्या मोरीचं, गाळून घेतलेलं. ते मीच शिकवलं होतं. मुनीरचाचा म्हणाले, "मेस्त्री, पोरगं लहान असताना एवढं बघितलं नसशील."

"तवा कामं व्हती," अप्पा म्हणाले.

दुसऱ्या शनिवारी मी गिलाव्यावर बोललो. सगळी चूक त्या दिवशीची. मी सांगितलं की चांगल्या विटेच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा लागत नाही. सिमेंट वाचतं, पाणी वाचतं, भिंतीतून ओल बाहेर पडते. परीक्षेसाठी आपण जी दहा फुटी भिंत बांधणार, ती उघडी राहील. तपासणीच्या फॉर्मवर अकरावा प्रश्नच तो आहे: 'भिंत विनागिलावा आहे का?' आणि तो अनिवार्य आहे. तिथे 'नाही' आलं की बाकी मार्क कितीही असोत, सगळी तुकडी नापास.

पंगतीच्या खुर्च्यांमध्ये चुळबुळ झाली. मुनीरचाचा उभे राहिले. त्यांनी हळूहळू समजावलं, जसं लहान मुलाला समजावतात. "सर, उघडी भिंत कुठं दिसली तर आमच्या धंद्यात तीन अर्थ निघतात. मालक पळाला, कंत्राटदार पळाला, नाहीतर दोघांतला एक मेला. चौथा अर्थ अजून तरी न्हाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या. वर्ग हातचा जातोय असं मला वाटलं. मला उदाहरण हवं होतं, आणि उदाहरण जवळच होतं.

"माझंच घर घ्या," मी म्हणालो. "पश्चिमेच्या भिंतीला चोवीस वर्षं गिलावा नाही. माझ्या जन्माच्या साली बांधलं. काही बिघडलं? भिंत उभी आहे, आम्ही जिवंत आहोत."

मुनीरचाचा म्हणाले, "म्हणजे यल्लप्पा मेस्त्री पहिल्यापासून पर्यावरणवाले. आम्हीच खुळे, आम्हाला वाटायचं..." आणि थांबले. पण तोवर सगळे हसले होते. सगळ्यांत जास्त मी हसलो, कारण वर्ग परत हातात आला होता. अप्पांनी वहीत मान घातली. मला वाटलं, मुद्दा लिहून घेतायत.

चौथ्या शनिवारी भिंत उभी राहिली. पाचव्या शनिवारी लेखी परीक्षा झाली. पेपर तपासायला पुण्याला गेले. त्या आठवड्यात अप्पा दोनदा फलकाकडे जाऊन आले. आईनं सांगितलं, मला कळू देऊ नको असं म्हणाले होते. शुक्रवारी निकाल आला. क्रमांक सतरा: बावीस मार्क. मी दोनदा बघितलं. बाकीचे एकवीसजणही पास होते, पण मला त्यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं. उत्तरपत्रिकेचा फोटो मागवून घेतला. लेखी पेपरातही गिलाव्याचा प्रश्न अकरावाच होता. 'गिलावा का टाळावा?' याला अप्पांनी वाकड्या अक्षरात लिहिलं होतं: 'सिमेंट वाचते. पाणी वाचते. भिंत श्वास घेते.' तीनपैकी तीन. ते तीन नसते तर एकोणीस झाले असते.

आता उरली होती फक्त भिंत. आणि भिंत देखणी होती. दहा बाय सहा, एकेक थर सुतात, सांधे भरलेले. शनिवारी सकाळी दहाला मी पुण्याहून येणाऱ्या तपासणीच्या अभ्यंकर मॅडमना आणायला सोलापूर स्टेशनवर निघालो. निघताना अप्पांना म्हणालो, "अप्पा, मॅडम येईपर्यंत भिंत तयार ठेवा." म्हणजे झाडून, पुसून, भोवतालचा कचरा उचलून. मी तेवढंच म्हणालो. माझ्या डोक्यात तेवढंच होतं. चौतीस वर्षं कंत्राटदारी केलेल्या माणसाला 'भिंत तयार ठेवा' सांगून मी गाडीत बसलो.

अभ्यंकर मॅडम साध्या होत्या. पन्नाशीच्या, कापडी पिशवीत स्वतःचा पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या. वाटेत म्हणाल्या, मला लोकांना नापास करायला अजिबात आवडत नाही, पण फॉर्मवर जे असतं ते असतं. मी म्हणालो, आमच्याकडे तशी वेळ येणार नाही. पावणेतीनला आम्ही पोचलो. मी त्यांना आधी जेवायला बसवलं, कार्यालयाच्या आचाऱ्यानं पानं मांडूनच ठेवली होती. आणि भिंत एकदा बघून येतो म्हणून मागे गेलो.

भिंत नव्हती.

म्हणजे होती, पण तिच्या जागी दुसरीच भिंत होती. दहा बाय सहाचा गुळगुळीत, ओला, राखाडी गिलावा, कडांना धारेसारखी रेघ, वरून निरूचा, म्हणजे चुन्याच्या बारीक लेपाचा, हात मारलेला. चेहरा दिसेल असा. खालच्या उजव्या कोपऱ्यात, ओल्यात खिळ्यानं कोरलेलं: 'ना. य. धोत्रे, इंजिनियर.' आणि तारीख.

समोर बावीस कंत्राटदार ओळीत उभे होते, कोपरापर्यंत सिमेंटनं माखलेले. मालक येणार असला की उभे राहतात तसे. मला हेही दिसलं की मी शिकवलेलं सगळं त्यांनी पाळलं होतं. रिकाम्या गोण्या घडी करून एका बाजूला, सांडलेला माल वेगळा गोळा केलेला, मिक्सिंगला मोरीचं गाळलेलं पाणी, ओला कचरा, सुका कचरा, पाट्या लावलेल्या. इतकी पर्यावरणपूरक साइट मी आजवर पाहिलेली नाही. फक्त तिच्यात एक गिलावा होता.

"तीन तास लागले," मुनीरचाचा म्हणाले. "माल माझ्या साइटवरचा. बाविसांनी हात लावला."

"अकरावा प्रश्न," मी म्हणालो. "अकरावा."

मुनीरचाचांनी अप्पांकडे बघितलं. मग माझ्याजवळ येऊन हळू सांगितलं. सकाळी कार्यालय बघायला एक लग्नाची मंडळी आली होती. मागे हिंडता हिंडता त्यातल्या एका म्हाताऱ्यानं भिंतीकडे बोट करून विचारलं, ही कुणाची अर्धवट राहिली. आचारी म्हणाला, धोत्रे मेस्त्र्याच्या पोराची. म्हातारा म्हणाला, बापावर गेलंय म्हणायचं. अप्पा तिथेच गोणपाट गुंडाळत होते. त्यांनी गोणपाट खाली ठेवलं आणि मुनीरचाचांकडे सिमेंट मागितलं. एकाही कंत्राटदारानं का म्हणून विचारलं नाही.

मी घड्याळ बघितलं. मॅडमच्या पानात आत्ता कुठे भात पडला असेल. गिलावा अजून ओला होता. तीन तासांचा गिलावा पाण्याच्या जोरावर उतरतो. विटा चांगल्या मुरलेल्या होत्या, त्यांना काही होणार नव्हतं. मी धावत जाऊन नळाचा पाइप ओढून आणला. मुनीरचाचांना ओरडून सांगितलं, थाप्या घ्या, खरवडा, सगळे लागा. एकवीस माणसं हलली. पाइपमधून पाणी आलं. मी तोंडावर अंगठा धरून धार केली आणि भिंतीकडे वळलो.

अप्पा भिंतीच्या आणि माझ्या मधे उभे होते. अडवत नव्हते. नुसते उभे होते, हातात थापी घेऊन.

"अप्पा, सरका. दहा मिनिटं आहेत. नाव जाईल तुमचं."

"ठावं हाय."

"परत लागणार नाही ते. कधीच नाही."

"ठावं हाय म्हनलं की."

पाणी माझ्या चपलांवर पडत होतं. मला खरंच वाटलं की मी रडेन, बावीस विद्यार्थ्यांसमोर. मी म्हणालो, "तुम्हीच लिहिलंत ना? तीनपैकी तीन मिळाले. भिंत श्वास घेते."

"घेती की. म्या खोटं कशाला लिहीन." अप्पांनी थापीनं टोपी मागे सारली, टोपीला सिमेंट लागलं. सहा आठवड्यांत ते मला पहिल्यांदा सर म्हणाले नाहीत. "नाग्या, घरची भिंत मी पुरी केली न्हाई. दरसाली म्हनायचो, औंदा करू. दरसाली तुझी शाळा मधी यायची, मग कालेज. त्याचं मला कधी काय वाटलं न्हाई. पर चोवीस वरसं त्या बाजूनं कुनी आलं की मी आधी उठून म्होरल्या दाराला जायाचो, तिकडून या म्हनायला. तू ती भिंत वर्गात दावलीस. दाव. तुझंच घर हाय." त्यांनी थापी भिंतीकडे केली. "पर तुझ्या नावाची पयली भिंत हाय ही. ही मी उघडी ठिवनार न्हाई. मार आता पानी."

आणि ते बाजूला सरले. खरंच सरले. पुढे आख्खी भिंत मोकळी होती, माझं नाव कोपऱ्यात, आणि माझ्या हातात चालू पाइप.

मुनीरचाचा थापी हातात घेऊन माझ्याकडे बघत होते, मी म्हणेन ते करायच्या तयारीनं. नंतर मी हिशेब करत बसलो की मी तिथे किती वेळ उभा होतो. आचाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे मॅडमनी तेवढ्यात भातावर ताक घेतलं.

मी पाइप खाली ठेवला आणि जाऊन नळ बंद केला.

"ओघळ येतील," मी म्हणालो. "निरू ओली आहे."

अप्पांनी मान डोलावली. एक कंत्राटदार दुसऱ्या कंत्राटदाराला डोलावतो तशी.

मुनीरचाचा म्हणाले, "आमचं काय, आम्ही पुढल्या खेपेला बसू," आणि थापी धुवायला गेले.

तीन वाजून पाच मिनिटांनी अभ्यंकर मॅडम हात पुसत आल्या. त्या भिंतीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग एका बोटानं कडेची रेघ चाचपली. "इतकं सुंदर काम मी वर्षभरात पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. "कुणी केलं?"

"मी, मॅडम," अप्पा म्हणाले. "क्रमांक सतरा."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, कोपऱ्यातल्या नावाकडे बघितलं, पुन्हा अप्पांकडे बघितलं. त्यांना काय आणि किती कळलं ते मला माहीत नाही. त्यांनी फॉर्म काढला आणि ओळीनं भरत गेल्या. कचरा व्यवस्थापन: पैकीच्या पैकी. पाण्याचा पुनर्वापर: पैकीच्या पैकी. अकराव्या प्रश्नाशी पेन थांबलं. तीन वाजून दहा मिनिटांनी त्यांनी 'नाही'वर खूण केली. मग सही करायला कुठेतरी टेकायला हवं म्हणून सवयीनं फॉर्म भिंतीवर ठेवायला गेल्या, ओली आहे हे आठवलं, आणि अप्पांनी आपली शंभर पानी वही पुढे केली. तिच्यावर ठेवून त्यांनी सही केली.

दोन एप्रिलला फलकावरच्या सतराव्या ओळीवर निळा रंग मारला गेला. रंग मारणारा अप्पांच्या ओळखीचा निघाला. अप्पांनी त्याला चहा पाजला आणि ब्रश उभा नको, आडवा मार म्हणून सांगितलं.

याला सात वर्षं झाली. मुनीरचाचा आणि बाकी वीसजण पुढच्या तुकडीत पास झाले. मी पुण्यात एका आर्किटेक्टकडे काम करतो. तिथे उघडी भिंत ही हौस आहे. लोक मुद्दाम मागून घेतात. अप्पांना एकदा एक बंगला दाखवायला नेलं. त्यांनी सगळं बघितलं, पाहुणचार घेतला, आणि निघताना मालकाला बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारलं, काम का थांबलं, काही अडचण असेल तर सांगा.

मागच्या दिवाळीत मी सिमेंट, वाळू आणि दोन गवंडी घेऊन घरी गेलो. पश्चिमेच्या भिंतीला गिलावा करायचा म्हणून. अप्पांनी गवंड्यांना चहा देऊन परत पाठवलं.

"प्रश्न अकरावा," ते मला म्हणाले. "सिमेंट वाचतं."

मंगल कार्यालयामागची भिंत अजून उभी आहे. एक चीर नाही. लग्नाची मंडळी तिच्यासमोर फोटो काढतात. माझं नाव कुणाच्या तरी पदराआड येतं.

गेल्या महिन्यात कळलं की नगरपालिका फलक पुन्हा रंगवणार आहे आणि मधल्या रिकाम्या ओळी भरून घेणार आहे. मी त्याच दिवशी अर्ज दिला. पोच मिळाली आहे. अर्ज असा:

प्रति, मा. मुख्याधिकारी. विषय: नोंदणीकृत कंत्राटदारांच्या फलकावरील ओळ क्रमांक सतराबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, दिनांक चोवीस मार्च रोजी सकाळी अकरा ते दुपारी दोन या वेळेत मंगल कार्यालयाच्या मागील जागेत कोणतेही काम झाले नाही असे समजण्यात यावे, व श्री. यल्लप्पा भीमण्णा धोत्रे, वय अडुसष्ट, यांचे नाव पूर्ववत लिहिण्यात यावे. नियमाने ते शक्य नसल्यास, सदर ओळीवर अन्य कोणाचेही नाव लिहू नये, तिला नवा रंग देऊ नये, व ती आहे त्या स्थितीत, उघडी, कायम ठेवण्यात यावी, ही विनंती.